गळणारा पंप आणि आमचे अण्णा

पेणहून रोह्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला रुजू झालो, तेव्हा माझ्याकडे डिप्लोमा होता आणि त्याची घमेंडही. फायर पंपाचे मेकॅनिक अनंत म्हात्रे, म्हणजे आमचे अण्णा, यांची ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त ती मीच सांगतो.

रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि दुसऱ्या दिवशी सुरक्षा-तपासणी होती. पंपाच्या शाफ्टपाशी पाणी ठिबकून जमीन ओली झालेली. साहेबांना कोरडी जमीन दाखवावी म्हणून मी ग्लँडचे, म्हणजे शाफ्टभोवतीची दोरी दाबून धरणाऱ्या झाकणाचे, नट करकचून आवळले. सकाळच्या चाचणीत पंप सुरू होताच जळका वास सुटला. कासू गावाहून नुकतेच कामावर आलेल्या अण्णांनी हातातला डबा ठेवला आणि आधी पंप बंद करायला लावला.

"कुनी आवळला ह्यो?"

"मी," कसंबसं म्हणालो.

"आतल्या दोरीला पानी लागतं, साहेब. थेंब पडतात म्हनून ती गार ऱ्हाते. कोरडी केली की जळते, नि शाफ्टवरची स्लीव्ह खाते. आग लागली असती तर ह्यो चालला नसता."

शाफ्टवर चढवलेल्या धातूच्या आवरणावर, त्या स्लीव्हवर, खोल चरे पडले होते. नोकरी गेली, असंच मला वाटलं. तपासणी होईपर्यंत गप्प राहू, म्हणून मी त्यांना विनवलं.

"नाय. शेडमधी मानसं कामाला हायेत."

ते स्वतः मला मॅनेजरांकडे घेऊन गेले. मॅनेजर कडाडले. अण्णा शांतपणे म्हणाले, "शिकवायचं काम माझं व्हतं. मी नाय शिकवलं." त्या दिवशी पंप दुरुस्त होईपर्यंत सॉल्व्हंट शेडचं, म्हणजे पेट घेणाऱ्या रसायनांच्या शेडचं, काम बंद राहिलं. अण्णांनी नवी स्लीव्ह आणि दोरीचा एकेक वेढा माझ्याच हातांनी बसवून घेतला. पाणी ढकलणाऱ्या चाकाभोवतीची, इंपेलरभोवतीची, झिजलेली रिंगही बदलायला लावली. ती झिजली की पाणी आतल्या आत फिरतं आणि नळीला जोर राहत नाही. माझी नोकरी टिकली. वालाच्या हंगामात त्यांच्या शेतातल्या शेंगांची पिशवीही मला मिळू लागली, खरं तर साऱ्या खात्यालाच मिळायची.

दोन वर्षांनी त्याच शेडला आग लागली. दोन कामगारांसोबत मी आत होतो. धुरात दार दिसेना. मग पाण्याचा झोत आला, आणि त्याच्या आडून आम्ही तिघंही बाहेर पडलो. आग विझेपर्यंत पंप एकदाही थांबला नाही. माझी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती.

अण्णा, उपकार हा शब्द तुम्हाला आवडत नाही, तरी मी तो वापरणार. तुम्ही निरोगी राहून शंभरी गाठावी, हीच आमची प्रार्थना. यंदा मुलीचं लग्न ठरलंय. अक्षता टाकायला तुम्ही पहिल्या रांगेत हवेत. कन्यादानाला तिचा बाप उभा असेल, तो तुमच्यामुळे.