पाचवा शनिवार

नव्या वर्षाला मी तीन गोष्टी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवल्या होत्या. रोज फिरायला जायचं, कोणावर चिडायचं नाही, आणि सौसरहून जामसांवलीच्या मारुतीला पायी जाणाऱ्यांना दर शनिवारी फराळ द्यायचा. फिरणं आठ दिवसांत सुटलं. चिडणं तर शाळा उघडल्याबरोबर सुरू. मी पडले मास्तरीण. शनिवार मात्र धरून ठेवला, कारण तो लोकांना दिसत होता. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

आमचं घर रस्त्यावरच. नऊ वाजता अंगणात टेबल मांडायचं. साबुदाण्याची उसळ, चहा, आमच्या बगिच्यातली संत्री. मग फोटो स्टेटसला आणि कॅलेंडरवर लाल गोल. आलू सोलणं, प्लेटा धुणं मावशींकडे. मावशी आमच्याकडे धुणंभांडी करतात, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. शनिवारी त्यांचे पाय धुळीनं भरलेले असायचे. "अवो मावशी, पाय धुऊन आत या ना!" मी दर वेळी ओरडायचे.

चार शनिवार झाले आणि पांढुर्ण्याच्या नणंदेचा फोन आला. "तुह्यं लय नाव ऐकून राहिलो. येत्या शनिवारी पाहाले येतो." झालं! मी अशी फुगले की काही विचारू नका. पहाटेपासून वाटायचं ठरवलं, वर शिराही. मावशींना सांगितलं, चारलाच या.

त्या घुटमळल्या. "मॅडम, या शनिवारी सकाळी नाही जमत. मले जामसांवलीले जाचं हाय."

"अवो, तिथं जाणाऱ्यायचीच त सेवा करून राहिलो आपण! घरबसल्या पुण्य भेटते तुम्हाले. आणखी काय पाहिजे?"

माझं बोलणं मलाच इतकं आवडलं की नणंदेलाही ते ऐकवलं. मावशी "बरं" म्हणाल्या. कशासाठी जायचंय, एवढंही मी विचारलं नाही. विचारायला काय पैसे पडत होते?

शनिवारी त्या चारला आल्या. दिवसभर राबल्या, पण नजर सारखी रस्त्यावर. नणंदेसमोर मी खेकसले, "मावशी, ध्यान कुठं हाय? प्लेटा संपल्या!"

नणंदेनं तोंडभरून कौतुक केलं, म्हणून पुढच्या शनिवारीही मी पहाटेच टेबल मांडलं. मावशींनी या वेळी नऊच्या आधी येणार नाही म्हणून निक्षून सांगितलं होतं. उजाडता उजाडता चालणाऱ्यांमध्ये त्याच दिसल्या. अनवाणी, हातात नारळाची पिशवी.

"मावशी, तुम्ही?"

"नवऱ्याच्या हातासाठी नवस बोललो हाय, मॅडम. पाच शनिवार, लागोपाठ, अनवाणी."

त्यांच्या नवऱ्याचा हात लकव्यानं गेलेला, हे मला माहीत होतं. "मग आजचा कितवा?"

"पयला."

"पहिला कसा?"

"चार झाले होते. जाऊन आलो की तुमच्याकडे येत होतो. पण मधात खंड पडला ना, आता पुन्हा पयल्यापासून." किराण्याचा भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं. माझी नजर त्यांच्या पायांवर गेली. तीच धूळ.

मी उसळीची प्लेट पुढे केली. माझी अक्कल तेवढीच!

"दर्शनाशिवाय नाही खात मी."

"मावशी, आज कामाला येऊ नका. उद्याही नका. मी घासते सगळं."

"नाही कशी? येतो ना नऊला," त्या म्हणाल्या. "तुमचा बी त नेम हाय. तो कायले मोडता?"

त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पण नव्हता. पिशवी या हातातून त्या हातात घेऊन त्या चालायला लागल्या.