राजकन्या शेवटी रंगवायची

अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत मी चित्रकलेची बाई होते. वर्षभर मला कुत्रं विचारत नसे. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या बाईंची राहिलेली उदाहरणं पुरी करण्याची सोय, असाच आमच्याकडे समज. पण जानेवारीत गॅदरिंग आलं की माझा भाव वधारायचा. गॅदरिंगमध्ये नाटक, नाटकात राजकन्या, अन् राजकन्येचं तोंड माझ्या हातात!

नाटक मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, स्वतः लिहीत. दरवर्षी नवं आणि दरवर्षी तेच. राजकन्या रुसते, राजवैद्य हात टेकतात, शेवटी सात सख्या नाचतात अन् ती हसते. देशातले राजे केव्हाच पेन्शनीत निघाले होते, पण आमच्या शाळेतलं राज्य काही खालसा होत नव्हतं. राजकन्येच्या कामाला एक बक्षीसही ठरलेलं असे. नाटक संपलं की राजकन्येला आणि सख्यांना रांगेत उभं करायचं आणि प्रमुख पाहुण्यांनी राजकन्येच्या हातात चांदीच्या मुलाम्याचा प्याला द्यायचा.

तोंडं रंगवण्याची विद्या मी वडिलांकडून उचलली. अमरावतीजवळच्या आमच्या गावात दंडार व्हायची, नाचगाण्याचं गावनाटक, त्यातली सोंगं ते रंगवत. सफेदा खोबरेलात खलायचा, त्यात चिमूटभर गेरू टाकायचा, बोटानं थापायचा. वर ओठांना अळता, डोळ्यांत काजळ, भुवईवर नवरीसारखे ठिपके आणि राणी असेल तर गालावर मोर. त्यांचा एक नियम होता, राजा-राणी आखरीले. सफेदा तासाभरात तडकतो. शिपायाचं तोंड तडकलेलं चालतं, राणीचं चालत नाही. हा नियम मी जन्मात कधी मोडला नव्हता.

त्या वर्षी राजकन्येचं काम सातवीतल्या एका पोरीला गेलं. गेलं कसलं, द्यावं लागलं. बाकीच्या पोरी दुसऱ्या ओळीला अडखळायच्या, आणि हिला स्वतःचं सोडा, राजवैद्याचं भाषणसुद्धा पाठ. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. जिनिंगमागच्या ज्या वस्तीत राहायची, ती सगळी वस्ती काही वर्षांपूर्वी बौद्ध झालेली. मोठ्या बाई म्हणाल्या, पोर हुशार आहे, फक्त रंग जरा उजळ असता तर! असं त्या तीनदा म्हणाल्या. रंगाचं नुसतं नाव होतं, खरं दुखणं निराळंच होतं. पण आम्ही साऱ्या शिकलेल्या बाया, आम्ही ते कशाला तोंडातून काढतो? मग त्यांनीच तोड काढली, की तुम्ही आहात ना, चांगला जाड थर द्या.

तालमीनंतर ती पोर माझ्यामागे यायची. तिचा प्रश्न एकच. राजकन्येचा प्याला राजकन्येलाच देतात ना? मी म्हणायची, हो गं बाई, नाही तर काय राजवैद्याला देतील? मग तिनं एकदा सांगितलं, की बाबा खाडा करून येणार आहेत. बापानं तिला आजवर स्टेजवर कधी पाहिलंच नव्हतं. प्याला घेताना त्यानं पाहायला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

गॅदरिंगच्या दिवशी दुपारी मी सफेद्याचा डबा भरून बसले. आठ पोरींना पुरून उरला असता. आधी सख्या. पहिली सखी होती संस्थेच्या सेक्रेटरींची लेक. सोबत तिची आई, आणि आईसोबत घरून आणलेला चमकीचा मुकुट. मी म्हटलं, अहो, सखीला मुकुट नसतो. त्या म्हणाल्या, असू द्या की, पोरीचं मन. मुकुट चढला. मग त्या म्हणाल्या, मानेलाही लावा. मानेला लावलं. मग कोपरापर्यंत हात. मग गालावर मोर. मी म्हटलं, मोर राजकन्येचा. त्यावर त्या नुसत्या हसल्या. सेक्रेटरीची बायको हसली की मास्तरणीनं काय समजायचं, हे आमच्या नोकरीच्या कागदात लिहिलेलं नसतं, पण ज्याला त्याला पाठ असतं. मी मोर काढला.

तो मोर बाकीच्या सहा आयांनी पाहिला. झालं! कोणाची पोर कमी आहे वो बाप्पा? अर्ध्या तासात पाच मुकुट आले. कोणाचा पुठ्ठ्याचा, कोणाचा देवघरातून उचललेला. सहा माना, बारा हात, सहा मोर. एका आईनं तर लेकीच्या पावलांनाही लावून घेतलं, अन् पोरगी पायांत मोजे घालणार होती. मी मान खाली घालून थापत राहिले. कोणाला एकदाही नाही म्हणवलं नाही माझ्याच्यानं, नाही तर वर्गात माझी जीभ केवढी चालायची!

सातवी सखी उठली, राजकन्या समोर येऊन बसली, आणि मी डब्यात बोट घातलं तर बोटाला पत्रा लागला.

सफेदा मिळायचा एकाच दुकानात, आणि त्या दिवशी ते बंद. मोठ्या बाई धावत आल्या. म्हणाल्या, खडू कुटून लावा. मी म्हटलं, डोळ्यांत जाईल. तेवढ्यात तिसरी घंटा झाली आणि त्यांनी पोरीला दंडाला धरून तशीच स्टेजवर नेली. मुकुटही नव्हता. पुठ्ठ्याचा शाळेचा एकच मुकुट, तो मुकुट न मिळालेल्या एका सखीला आधीच गेला होता.

नाटकाचं काय सांगू! सात पांढऱ्याफट्ट राजकन्या नाचत होत्या आणि मधोमध आमची पोर, जशीच्या तशी, बोलत होती. पहिल्या वाक्याला मागचे लोक कुजबुजले, तिसऱ्या वाक्याला गप्प झाले. ती रुसली तेव्हा खरंच वाटलं, की हिला कोणी समजावलं पाहिजे. मी विंगेत उभी राहून रडले, खोटं कशाला बोलू.

प्रमुख पाहुणे अमरावतीहून आलेले बडे साहेब. नाटकभर ते सेक्रेटरींच्या खोलीत चिवडा खात होते. शेवटच्या नाचाला आले, टाळ्या झाल्या, रांग लागली. मोठ्या बाईंनी पुकारलं, राजकन्येला प्याला. साहेबांनी रांग पाहिली. सात मुकुट आणि एक बोडकं डोकं. ते सरळ सेक्रेटरींच्या लेकीपुढे गेले, तिच्या गालावरच्या मोराचं कौतुक केलं आणि प्याला तिच्या हातात दिला. म्हणतातच, ज्याच्या हाती ससा तो पारधी. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी वाजवल्या. आमच्या पोरीनं माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं मला, साहेब, राजकन्या ती. मी टाळ्या वाजवल्या.

नंतर मागच्या व्हरांड्यात पोरी खोबरेलाच्या चिंध्यांनी तोंडं पुसत होत्या. सफेदा तडकून साऱ्यांच्या गालांवरचे मोर फुटले होते. ती एका बाजूला उभी होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी तिच्यापुढेही चिंधी धरली.

"मले तं काही पुसाच नाही लागत, बाई," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा बाप आला. धोतर, वर कोट, कोटाच्या बाहीला जिनिंगचा कापूस चिकटलेला. त्यानं हात जोडले. मला वाटलं, आता प्याल्याचं विचारेल. मी उत्तर जुळवायला लागले, की साहेबांची नजरचूक झाली, पुढच्या वर्षी पाहू.

"बाई, तुमी माह्या पोरीले रंगवलं नाही, लय चांगलं केलं. मी पार मागं उभा होतो. बाकीच्या कोनाच्या कोन, कायच समजे ना. ही मले पह्यल्या झटक्यात ओयखू आली."

डबा रिकामा झाला होता, एवढंच खरं होतं. आधी रंगवायला घेतली असती तर मीच तिचं तोंड पांढरं करून त्याच्यासमोर पाठवलं असतं. पोर माझ्याकडे पाहत होती. तिनं डब्यातलं माझं बोट पाहिलं होतं, तिला सगळं माहीत होतं.

"हो," मी म्हटलं, "म्हणूनच नाही रंगवली."

त्यानं पुन्हा हात जोडले. सेक्रेटरींच्या लेकीनं दुसऱ्याचा प्याला घेतला, असं पुढे कित्येक वर्षं मी मैत्रिणींना रंगवून सांगत असे. मी घेतलेल्या या नमस्काराचं मात्र कोणाला सांगितलं नाही.