काळ्या दोऱ्यातला क्रूस

माझ्या आधीची दोन्ही भावंडं बारशापर्यंतही टिकली नव्हती. त्यामुळे सुलतानपूरजवळच्या आमच्या मळ्यात मी जन्मले तेव्हा आईने एकही देव सोडला नाही. माझ्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात वाघनख होतं, पिराचा ताईत होता आणि चांदीचा इवलासा क्रूस होता. आम्ही वांगी-मेथी पिकवणारी माणसं. आमच्या घरी क्रूस आला तो नर्सबाईंमुळे. बाळंतपणात त्या आईवर वाकल्या तेव्हा त्यांच्या गळ्यातला क्रूस तिच्या डोळ्यांसमोर झुलत होता. "लेकरू जगलं तं त्याले बी असाच घालीन," असा नवस ती तेव्हाच बोलली.

पुढे नर्सबाईंची बदली झाली. आईने बीबी गावच्या सोनाराला आकार तोंडीच सांगितला: एक लांब काडी, तिच्या एका टोकाजवळ आखूड आडवी. सोनाराने जन्मभर देवांच्या गदा, त्रिशूळ घडवलेले. लांब असतो तो दांडा, आणि वस्तू टांगायची ती दांड्यालाच, हा त्याचा सरळ हिशोब. पठ्ठ्याने लांब टोकालाच कडी लावली. माझ्या गळ्यात क्रूस खाली डोकं वर पाय लटकू लागला आणि गावात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

मी शाळेच्या वयाची झाले तेव्हा नर्सबाई पुन्हा आल्या. आईने मला नवा परकर नेसवून, हातात मेथीची जुडी देऊन त्यांच्यापुढे उभं केलं. केवढी मिरवत होते मी! नर्सबाई हसल्या, क्रूस हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा उलटा आहे." मग त्यांनी अंगणातल्या मातीत काडीने काढून दाखवला. लांब बाजू खाली, जमिनीत रोवायची. आडवी बाजू येशूच्या पसरलेल्या हातांची. वरची आखूड, डोक्यापुरती.

आईचा चेहरा उतरला. दोरा जीर्ण झाला की ती आधी नवा ओवायची, मगच जुना कापायची. आणि आता क्रूस गळ्यावेगळा करून सोनाराकडे ठेवायचा?

"बाई, काढू कशी? अन् नाई काढला तं तुमच्या देवाले राग येईन," म्हणत ती रडायलाच लागली. तिला रडताना पाहून मीही क्रूस मुठीत गच्च धरला.

नर्सबाई माझ्यापुढे उकिडव्या बसल्या. "मान खाली घाल. आता क्रूस जरा पुढे उचलून बघ. कसा दिसतो?"

मी क्रूस पाहिला, मग मातीतलं चित्र पाहिलं. "तसाच," मी म्हणाले.

"जिचा आहे तिला सुलटाच दिसतो," त्या आईला म्हणाल्या. "राहू दे."

त्या अंगणाची मला फार आठवण येते. आता तिथे मळाही नाही.

माझ्या पहिल्या बाळंतपणात मी भेदरून गेले होते. उशाशी बसलेली आई आता सगळ्या देवांना हाका मारणार, असं मला वाटलं. तिने माझ्या गळ्यातला क्रूस उचलून माझ्याच बोटांत दिला.

"पाह्य बरं," ती म्हणाली, "सुलटाच हाये ना?"

"हाव," मी म्हणाले.