घासून काढलेलं नाव

दुकानात मशीन चालू केलं की नाना त्याच्या पाठीवर तळहात ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि डोळे मिटून उभे राहत. दुकानदार चुळबुळायला लागला की म्हणत, "थांब भो, आजून तापू दे."

धुळ्याच्या आमच्या कॉलनीत कुणाला घरच्या डागडुजीसाठी कापायचं-कोरायचं हातमशीन घ्यायचं असलं की चित्रकलेच्या या निवृत्त शिक्षकाला सोबत नेलं जायचं. तुमच्याही गल्लीत असा एक जण असेलच. दुसऱ्याच्या खरेदीत त्याचा जीव अडकलेला असतो.

मला नवी फरशी बसवायची होती, त्यासाठी दाराची चौकट खालून बोटभर कापायची होती. मी भाळलो होतो गरगर फिरणाऱ्या एका स्वस्त मशीनवर, कारण डब्यात बदलून लावायची शंभर टोकं होती. नानांनी तो डबा परत ठेवायला लावला. फिरणारं मशीन कोरायला आणि घासायला, चौकट कापायची तर थरथरत्या पात्याचं घे, आणि तेही ज्याची पाती धुळ्यात मिळतात तेच, असं बजावलं. "शंभर टोकं कोणले लागतस? तीन वापरशी, बाकी उंदीरले."

त्यांचं स्वतःचं मशीन फिरणारं आणि सगळ्यांत हलकं. वेग कमीजास्त करायची सोय त्याला नव्हती. तेवढ्यासाठी जादा पैसे कशाला घालवायचे, असं त्यांचं म्हणणं. त्याच मशीनवर ते कॉलनीतल्या लग्नांच्या भांड्यांवर नावं घालून देत. त्यांचं अक्षर दुकानातल्यापेक्षा कितीतरी देखणं. एकुलत्या मुलीसाठी ते दर दिवाळीला एक भांडं आणत आणि तिच्या नावाभोवती नाजूक वेल काढत.

मुलीनं जळगावला नोकरीतल्या सहकाऱ्याशी कोर्टात लग्न केलं. मुलगा जातीतला नव्हता. बातमी आली त्याच दुपारी नानांच्या गच्चीवर मशीन सुरू झालं, ते दिवेलागणीपर्यंत थांबलं नाही. प्रत्येक भांड्यावरचं मुलीचं नाव त्यांनी घासून काढलं. त्यांची बायको, आमच्या अक्का, तोवर जिन्यात बसून होत्या.

नात झाल्याचं कळलं आणि म्हातारा विरघळला. भांड्यांवर नाव परत घालायचं आणि ती घेऊनच मुलीकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं. पण घासलेल्या जागी पत्रा पार झिजला होता. पहिल्याच डब्यातून टोक आरपार गेलं. मग हळू फिरणाऱ्या मशीनचा शोध सुरू झाला. धुळ्यातली दुकानं पालथी घातली. तोवर नातीचं बारसंही उरकलं. मला तर रागच यायचा. तिकडे पोर वाट पाहतेय आणि हे मशीन बघत बसलेत.

शेवटी आम्ही जळगावला गेलो. तिथं वेग हवा तसा कमी करता येईल असं मशीन मिळालं. नानांनी त्यावर हात ठेवला, पण डोळे मिटले नाहीत. ते रस्त्यापलीकडे बघत राहिले. पत्राच गेलाय तर नवी भांडी घ्या की काका, असं दुकानदार सहज बोलून गेला. नानांनी मशीन बंद केलं.

मुलीचं घर त्याच रस्त्यावर होतं. मी त्यांचा हात धरला, म्हटलं, चला, आता जाऊच.

"रिकामा हाते कसा जाऊ भो?" ते म्हणाले. "तिचं नाव मीच पुसेल शे, याच हातांनी."

आम्ही मशीन न घेताच एसटीनं परत आलो. त्याच थंडीत नाना झोपेतच गेले. त्या परतीच्या प्रवासाचं मला अजून वाईट वाटतं.

मुलगी आली, लेकीला कडेवर घेऊन. दिवसपाणी उरकल्यावर अक्कांनी सगळी भांडी तिच्यापुढे मांडली. घासलेल्या जागांवरून ती बोट फिरवत राहिली. मग तिनं मला विचारलं, नाना जळगावला आले होते म्हणतात, कुठवर आले होते? मी दुकान सांगितलं.

तिनं हातातला डबा खाली ठेवला.

"त्या दुकानातून आमची गॅलरी दिसते, काका," ती म्हणाली. "हिची झबली तिथंच वाळत असतात."