भवनाच्या पायरीवरचा तोफगोळा

ऑइल पेंटचा वास आला की मला दिघीचं माजी सैनिक भवन आठवतं. निवृत्त जवानांनी सुट्टीच्या दिवशी खपून ते बांधलं होतं. काळ्या दगडाचं जोतं, वर पत्र्याचा हॉल, आत शहिदांच्या नावांची संगमरवरी पाटी. पाया खणताना एक गंजलेला तोफगोळा सापडला. रिकामाच असणार असं धरून त्यांनी तो शोभेसाठी पायरीशेजारी चौथऱ्यावर बसवला. माझे वडील दर स्वातंत्र्यदिनाआधी हातोडीनं त्याचा गंज पाडायचे आणि त्याला हिरवा रंग द्यायचे. मी कॉलेजात होते त्या वर्षी झेंडावंदनाला एक तरुण अधिकारी आले. पायरी चढताना ते थबकले, खाली वाकले, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हलक्या आवाजात ते वडिलांना म्हणाले, "साब, सबको पीछे ले जाइए. ये जिंदा है." वडील म्हणाले, "न्हाई साहेब, रिकामा हाय. दरसाल मीच रंगवतो." अधिकाऱ्यांनी हातानंच सगळ्यांना मागे सरकायची खूण केली. आम्ही सगळे रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. लष्कराच्या पथकानं तो वाळू भरलेल्या गाडीतून नेला. दुपारी डोंगराकडून एवढा मोठा आवाज आला की घरांच्या काचा थरथरल्या. वडील मटकन रस्त्यातच खाली बसले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा त्यांची ट्रंक आवरताना एक फोटो सापडला. त्यात चार वर्षांची मी त्या तोफगोळ्यावर बसून हसते आहे, आणि मला धरलेले हात त्यांचे आहेत.