दुपारच्या पहाऱ्याची खरी हकिगत

शेणव्याजवळच्या आमच्या गावात दर माघात हरिनाम सप्ताह बसतो. त्यात माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. पोटची मुलगी घर सोडून निघाली, देवळाच्या दारात येऊन उभी राहिली, पण बापाच्या गळ्यात वीणा होती म्हणून त्याने नाम तुटू दिलं नाही. कीर्तनकार ही गोष्ट दृष्टांत म्हणून सांगतात आणि मी खाली मान घालून बसतो. लोकांना तो माझा विनय वाटतो. खरं काय झालं ते गावात माझ्याखेरीज आता कोणालाच ठाऊक नाही, आणि ते माझ्याबरोबर जाऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. प्रत्येकाचा दोन तासांचा पहारा. वीणा गळ्यात घालून उभं राहायचं, नाम घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही. पुढचा माणूस येऊन पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. बारा ते दोन हा पहारा माझा. जेवणाची वेळ असल्याने देऊळ तेव्हा रिकामं असतं.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझी सुमन टोकावड्याकडच्या वाडीतल्या बाळूबरोबर जायला निघाली होती. बाळू आमच्याकडे भातकापणीला यायचा. त्याला ना जमीन, ना घर म्हणावं असं घर, आणि जातही वेगळी. पहारा संपत आला होता. ती पिशवी घेऊन उंबऱ्याशी आली; समोरच्या ओट्यांवरून दोघातिघांनी तिला दारात पाहिलं.

"आबा, अडीचच्या गाडीनं मी चालले. जा म्हना, नायतर जाऊ नको म्हना. कायतरी बोला."

मी नाम घेत राहिलो. ती रडत नव्हती, नुसती वाट बघत होती. शेवटी तिने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि वळली. ती पायऱ्या उतरत होती तेव्हा माझा शेजारी धर्मा मागच्या दाराने आत आला. पुढचा पहारा त्याचा होता. तिची पाठ पाहताच त्याला सगळं कळलं. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि हळूच म्हणाला, "आन इकडं. पोर चाललीय, जा तिच्यामागं."

मी मान हलवली. वीणा घट्ट धरली.

एवढंच खरं आहे. वीणा घ्यायला माणूस समोर उभा होता आणि मी ती दिली नाही. ती भक्ती नव्हती. मला राग होता, आणि गाव काय म्हणेल याची भीती होती. ती दोन्ही मी देवाच्या आड लपवली. जातीपातीत राहावं, लेकीने बापाच्या शब्दात राहावं, प्रेम म्हणजे पोरखेळ, हीच माझी श्रद्धा होती. वीणेआड ती सोवळी दिसत होती. धर्माने हे मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोला तर धर्मा आला होता हेही माहीत नव्हतं. तरी ती एकदाच म्हणाली, "तुमचा देव तुमच्या गळ्यात व्हता, माजी पोर दारात व्हती." पुढे ती त्यावर बोलली नाही. माझ्याशी एकूणच कमी बोलत गेली.

दोन वर्षांनी सुमन वीटभट्टीवर काविळीने गेली. बाळू सांगायला आला तेव्हा मी ओट्यावरून उठून आत गेलो. त्याला बस म्हटलं नाही.

त्यानंतरही मी दरवर्षी त्याच वेळी उभा राहत होतो. नाम ओठांवर असायचं, आत काही नसायचं. देव आहे की नाही असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो असेल, पण माझ्यासाठी नसेल, एवढं मनाने धरलं होतं. बायको गेली. मग अर्धांगाचा झटका येऊन माझा डावा हात अधू झाला. मुलगा नको म्हणत असतानाही त्या माघात मी वीणा गळ्यात घेतली. तासाभरात हात लुळा पडला, पाय वाकले आणि वीणा निसटली. तेवढ्यात पायऱ्यांवर, चपलांपाशी बसलेला एक माणूस धावत आला आणि त्याने ती वरचेवर झेलली.

तो बाळू होता. केस पांढरे झालेले. मला खांबाला टेकवून त्याने वीणा गळ्यात घातली आणि नाम सुरू केलं.

जेवणावरून धावत आलेल्यांपैकी कोणीतरी ओरडलं, "अरे, हा कोन? खाली ठेव ती!"

"खाली ठेव काय? वीना खाली ठेवतात काय रे?" दुसरा म्हणाला.

"मग तू घे की!"

"मी आताच जेवलोय, पान हाय तोंडात."

बाळू दोन वाजेपर्यंत उभा राहिला. सप्ताह मोडला नाही.

नंतर पायऱ्यांवर मी त्याला विचारलं, इथे कसा? तो म्हणाला, "दर वरसाला येतो. सुमनचं सांगनं व्हतं, दुपारी आबा उभे असतात, लांबनं बघून यायचं. ती म्हनायची, वीना घ्यायला कोन नव्हतं, म्हनून बोलले नाय. असतं, तर बोलले असते."

माझी लेक या समजुतीत मेली. माझं खोटं तिने माझ्यासाठी स्वतःच तयार केलं होतं, आणि मला माफ करून ठेवलं होतं. त्या दिवशी मी त्याला खरं न सांगताच घरी आलो.

पुढल्या महिन्यात मी एसटीने टोकावड्याला गेलो, तिथून विचारत विचारत वाडीत गेलो आणि त्याच्या दारात बसून धर्मा वीणा घ्यायला समोर उभा होता हे सांगितलं. बाळू मग म्हणाला, "तिला नाय कळलं, बरं झालं." उठून आत गेला. मला वाटलं, आता येणार नाही. तो तांब्या घेऊन आला. "पानी घ्या, आबा."

मी प्यालो.

त्याला त्या दिवशी पायऱ्यांवर कोणी बसवलं, हे मी ठरवणार नाही. सुमन मला परत मिळाली नाही, आणि मन हलकं झालं असंही म्हणवत नाही. पण ज्याला मी घरात घेतलं नाही त्याने माझ्या हातून पडणारी वीणा धरली, यासाठी मी देवापुढे रोज वाकतो. आयुष्यभर धरून राहण्यालाच मी भक्ती समजलो. समोरच्याने हात पुढे केले की सोडून द्यायचं असतं, तेवढं मला जमलं नाही. या माघात कोणी माझा दृष्टांत सांगू नये. सांगायचाच असेल, तर हा कागद वाचावा.