घरचा वाटा

चर्चच्या प्रत्येक नाटकात निदान एक मरणारं पात्र मी स्वतःकडे ठेवून घेतो. मरायला मला फार वेळ लागतो, अशी लोकांची तक्रार आहे. तरी दर उपवासकाळात फादर नाटक माझ्याकडेच देतात, कारण आमच्या वाडीत ख्रिस्ती घरं मोजकी आणि त्या घरांतला रिकामटेकडा मी एकटा.

त्या वर्षी फादर फेरीबोटीतून दिघीला उतरले, स्कूटर थेट माझ्या अंगणात आणली आणि हेल्मेटही न काढता म्हणाले, "यंदा द्राक्षमळ्याचा दाखला करू या."

दाखला म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा. ती अशी, की मळ्याचा मालक काही मजूर पहाटे लावतो, काही दुपारी आणि काही तर दिवस मावळायला आल्यावर. संध्याकाळी मात्र सगळ्यांच्या हातावर सारखंच ठेवतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. मालक म्हणतो, तुमचं ठरलेलं तुम्हाला मिळालं. माझ्यातलं मी कुणाला दिलं, तर तुमचं पोट का दुखतं?

आता द्राक्षमळा आमच्यात कुणी बघितलाय? बोर्लीच्या बाजारात गाडीवर घड दिसतात, तेवढीच ओळख. म्हणून मी मळ्याची सरळ रापण करून टाकली. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. पहिल्यापासून ओढेल त्याला पुरा वाटा. जाळं काठाला लागता लागता येऊन दोराला हात लावेल त्याला मूठभर मांदेली. मालकाच्या कामासाठी माणूस शोधावा लागला नाही. माझा थोरला मामाच वाडीच्या रापणीचा प्रमुख होता. छाती नगाऱ्यासारखी, आवाज वाऱ्याच्या उलट दिशेला जाणारा. असा नट आधीच नाटकात उतरला असता तर मला कुणी विचारलं नसतं.

तालमी झकास चालल्या. शेवटचा प्रवेश आला. मासळी म्हणून आम्ही नारळाची सोडणं, म्हणजे वाळकी सालं, वापरत होतो. मामानं पहाटेवाल्यांसमोर सोडणांचे ढीग लावले आणि संध्याकाळवाल्यांसमोर एकेक तुकडा टाकला.

"मामा, सगळ्यांना सारखं," मी म्हणालो.

"न्हाय."

"अहो, नाटक आहे हे."

"नाटकात बी न्हाय. उद्या समदी उन्हं कलल्यावर येतील रापणीला. मग पहाटे दोर कोन धरनार, तू? तू तर धा वाजता उठतोस."

फादर पुढे आले. वसईचा माणूस, बोलणं मऊ. "मामा, देवाचं देणं कामाच्या मोजमापानं नसतं. ती कृपा असते."

"फादर, देव न्यायी हाय का न्हाय?"

"आहे."

"मंग ज्यानं घाम गाळला आन ज्यानं न्हाय गाळला, ते दोघं एकच कसे?"

"मामा, निव्वळ न्यायानं बघितलं तर तुमच्या-माझ्या ओंजळीत काय उरेल?"

मामानं विचार केला. खरोखर केला, मला त्याचं अजून कौतुक वाटतं. आपल्यासारखा माणूस मान हलवून मोकळा झाला असता. तो म्हणाला, "जे उरंल ते उरंल. माझं मी खाईन. पन लबाडीचं जास्त नको."

स्वर्ग इतक्या प्रामाणिकपणे नाकारताना मी दुसरा माणूस पाहिलेला नाही. फादर हसत हसत बाकावर बसले. मी मात्र मामाची नजर बघितली. ती सोडणांवर नव्हती, फादरांवर नव्हती. चर्चच्या कुंपणाबाहेर, सुरूच्या झाडाला टेकून त्याचा धाकटा भाऊ उभा होता.

या धाकट्या मामानं तरुणपणी शिमग्यात दारू पिऊन, आजोबांनी बांधलेली होडी एकट्यानं पाण्यात काढली आणि खडकावर घातली. मग पनवेलकडे निघून गेला. आजी गेली तेव्हा निरोप पाठवूनही आला नाही. मधली सगळी वर्षं थोरल्यानं एकट्यानं ओढली. आणि आता, छाती पोखरल्यावर, धाकटा परत आला होता. बोलताना मध्ये थांबून श्वास गोळा करायचा. त्याचं मागणं एवढंच होतं, की जायच्या आधी एकदा रापणीत उभं राहू द्यावं, वाडीनं आपल्यातला म्हणावं. थोरल्याचा निवाडा झालेला होता: दोराला हात लावायचा न्हाय.

ईस्टरच्या आधीचा रविवार तो झावळ्यांचा, त्याच्या आदल्या सकाळी रापण पडली. मीही गेलो. होय, पहाटे. हरिहरेश्वरला निघालेले चार पर्यटक गाडी थांबवून मोबाइलवर चित्रण करत होते, आणि कॅमेरा समोर असताना मी दोर असा काही ओढला की दोन दिवस पाठ धरली. जाळं गुडघाभर पाण्यात आलं आणि दोराच्या अगदी शेपटाला धाकटा मामा येऊन लागला. ओढायचं बळ कुठलं. नुसते दोन पंजे दोरावर ठेवले. थोरल्यानं बघितलं आणि मान समुद्राकडे वळवली.

बांगडा बरा लागला होता. थोरल्यानं वाळूत वाटे लावले. त्याच्या हाताला तराजूची गरज नव्हती, ढीग एकासारखा एक. त्यानं माणसं मोजली होती आणि धाकट्याला मोजलं नव्हतं.

वाटपाची आमची रीत जुनी आहे. एक जण वाट्यांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून बसतो. दुसरा एकेका ढिगावर काठी टेकवून विचारतो, हा कुणाचा? पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. ढीग त्याला दिसत नाही, म्हणून त्याच्या शब्दावर वाद घालायचा नाही. सगळ्यांत शेवटी प्रमुखाचा वाटा. पाठमोरी बसायची माझी मामी. ती नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून शेवटच्या ढिगाला म्हणते, घरचा.

मामानं काठी टेकवली. "हा कुनाचा?"

"थोरल्या सुनंचा."

"हा?"

"भाच्याचा." म्हणजे माझा.

असं होत होत तीन ढीग उरले.

"हा कुनाचा?"

"भावजींचा," मामी म्हणाली.

मामाची काठी तिथंच राहिली. मामीनं मान वळवली नाही, आवाज चढवला नाही. रांगेतल्या सगळ्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि सगळे वाळूकडे बघायला लागले. ढीग वाढणार नव्हते. नाव एक वाढलं होतं.

मामाला "चुकलीस" म्हणता आलं असतं. पण पाठमोऱ्याचा शब्द मोडायचा नाही, हे इतकी वर्षं सगळ्यांना दरडावून सांगणारा तोच. त्यानं काठी पुढच्या ढिगावर नेली. मग शेवटच्यावर. मामीनं दोन गड्यांची नावं घेतली. मग काठी मोकळ्या वाळूवर टेकली.

"आन हा?" मामानं विचारलं.

"घरचा," मामी म्हणाली.

फादरांनी जे सांगायला आख्खा उपवासकाळ घेतला, ते मला तिथं, हाताला खवले लागलेले असताना समजलं. न्यायाला कुणी फाटा दिला नव्हता. होडी फुटली होती ती फुटलीच होती, आणि नुकसान कुणाच्या तरी अंगावर पडणारच होतं. ते दोषी माणसावर पडलं नाही, एवढंच. ज्याची रापण त्यानं ते घेतलं. फुकट मिळतं ते घेणाऱ्याला. देणाऱ्याला नाही.

धाकटा मामा ढिगापाशी उकिडवा बसला. टोपलीत मासे भरले, पण टोपली काही त्याच्यानं उचलेना. कुणी पुढे झालं नाही. काय करावं ते कुणाला कळत नव्हतं, आणि मला तर चक्क रडू येत होतं. थोरला मामा काठी टाकून आला. वाकला, टोपली डोक्यावर घेतली आणि भावाच्या खोपटाच्या वाटेला लागला. माशांचं पाणी त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरत होतं.

दहा पावलांवर थांबून, मागं न बघता तो म्हणाला, "चल की. बांगडं काय तुझी वाट बघत ताजं ऱ्हानार हाय?"

"दम लागतो, दादा."

"व्हय," थोरला म्हणाला, आणि टोपली डोक्यावर तशीच धरून उन्हात उभा राहिला.